कॉर्नरच्या आधीची शिट्टी

त्या लोकांना हरायची सवय नव्हती असं कोणी म्हणू नये. त्यांचा हॉकीचा संघ हरण्यात पटाईत होता. उन्हात हरला होता, चिखलात हरला होता, समोरच्यांचा गोलकीपर लंगडत असतानाही हरून दाखवलं होतं. पण दर वेळी खापर फोडायला एखादं जिवंत डोकं सापडायचं. कधी पंच, कधी प्रशिक्षक, नाहीतर डावीकडचा तो ढिम्म खेळाडू, जो चेंडू मिळाला की आधी आकाशाकडे बघायचा. या वेळी प्लेऑफ हरल्यावर मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमधल्या लोकांनी ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो माणूस मात्र थंडी पडायच्या आधीच गेला होता.

त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या डोक्यावर मशीनच्या ज्या खोल्या असतात, तिथे दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून बसायचा. मॅचच्या दिवशी मात्र साबणाने हात घासून घासून लाल करायचा, कारण त्याला दोन बोटं तोंडात घालायची असायची. आपल्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, गोलरेषेवर आपला खेळाडू चेंडू बाहेर ढकलायला वाकला, की मिस्त्री उभा राहायचा आणि एकच लांब शिट्टी मारायचा. ती चढत जायची, चढतच जायची आणि मध्येच तुटायची. ती तुटली की चेंडू निघायचा. तो खेळाडू म्हणायचा, मी माझ्या अंदाजाने ढकलतो, शिट्ट्याबिट्ट्या कोण ऐकतंय! पण स्टँडमधल्या कोणालाही विचारा, त्याचे डोळे चेंडूवर आणि कान मिस्त्रीकडे असायचे.

एके दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन कामावर गेला तो परत आलाच नाही. मशीनच्या खोलीतच छातीत कळ आली म्हणतात. लिफ्ट मात्र चालू झाली होती. तेवढं काम उरकूनच गेला, असं लोक कौतुकाने सांगायचे. त्याच्या बायकोला ते कौतुक ऐकून दर वेळी एखादी वस्तू फेकून मारावीशी वाटायची.

ती बायको म्हणजे वहिनी. बेकरीच्या शेजारी तिचं छोटंसं दुकान होतं. लांब पँटी आखूड करणं, तुटलेल्या चेन बदलणं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणं आणि जाड झालेल्यांचे न हसता उसवून देणं, हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हा तिला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्रीच्या नादाने ती स्टँडमध्ये जाऊ लागली आणि पुढे पुढे तर पंचांना तिच्याइतक्या निवडक शिव्या दुसरं कोणी देत नसे.

मिस्त्री गेल्यावर स्टँडने त्याची खुर्ची रिकामी ठेवली. खुर्चीच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मिस्त्रीचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे भावजी. भावजी बस चालवायचा. बोलायला फटकळ, मनाने हळवा, आणि हळवा आहोत हे कोणाला कळू नये म्हणून आणखी फटकळ. मधल्या खुर्चीवर कोणी पिशवीसुद्धा ठेवत नसे. आणि एक गोष्ट अशी झाली, जी कोणी ठरवली नव्हती. आपला पेनल्टी कॉर्नर आला की सगळा स्टँड आपोआप गप्प व्हायचा. मिस्त्रीची शिट्टी जेवढा वेळ चालायची तेवढा वेळ. त्या शांततेत वहिनीच्या अंगावर काटा यायचा, पण तिला ती हवीहवीशी पण वाटायची. आपल्या माणसाच्या मापाची एवढी जागा हजारो लोकांनी मोकळी सोडलीय, हे काही थोडं नव्हतं.

मग प्लेऑफची मॅच आली. भर दुपारची. एक-एक अशी बरोबरी, मिनिटभर खेळ उरलेला आणि आपल्याला पेनल्टी कॉर्नर. हातातोंडाशी आलेला घास अगदी. खेळाडू गोलरेषेवर वाकला. स्टँड गप्प झाला. आणि त्या शांततेत ती शिट्टी वाजली.

तीच. चढत गेली, चढतच गेली. सगळ्या मैदानाने ऐकली. चेंडू ढकलणारा खेळाडू दचकला, त्याची स्टिक वाकडी लागली. पुढे चेंडू थोपवायला आपला जो गडी वाकून बसला होता त्याने मान वर करून स्टँडकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं तो ती शिट्टी ऐकत आला होता आणि ती मारणाऱ्याला खांदा देणाऱ्यांत तो स्वतः होता. बघणार नाही तर काय करेल बिचारा! चेंडू त्याच्या स्टिकखालून सरळ निघून गेला. समोरच्यांच्या पोराने तो उचलला आणि मोकळ्या मैदानातून जो सुटला तो गोल करूनच थांबला. दोन-एक. संपलं.

कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. पुढच्या रांगांतले लोक एकेक करून मागे वळले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले. भावजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि वहिनी? वहिनीने आपली ओली झालेली दोन बोटं हळूच कोटाच्या बाहीत लपवली.

होय, तिनेच मारली होती. म्हणजे तिला तशी खात्री होती. ती शांतता तिला त्या दिवशी सहन झाली नाही. बोटं कधी तोंडात गेली ते कळलं नाही, पण गेली होती, आणि तिने पोटातला सगळा वारा एकवटून फुंकली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मिस्त्रीने तिला शिकवली होती ती. आता आली. इतक्या वर्षांनी आली आणि अशी भलत्या वेळी आली.

घरी आल्यावर तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. मोठ्याने म्हणून बघितलं, ‘मी हरवलं सगळ्यांना.’ उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

आता सांगणं किती सोपं! पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडून शिवणयंत्रावरचं कापड काढते न काढते तोच घड्याळवाले काका आले. काका समोरच्या बाजूला घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस इतका मोजून मापून बोलणारा की नमस्काराला नमस्कार करायलाही वेळ घ्यायचा. ते आत आले, स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले.

“काका, अहो पुढच्या वर्षी जिंकू आपण,” वहिनी म्हणाली.

“मॅच गेली खड्ड्यात,” काका म्हणाले. काकांच्या तोंडून असले शब्द! “पोरी, ऐकलंस ना तू? आमची ही गेली, त्यानंतर मी कशावर विश्वास ठेवला नाही. माणूस बंद पडतो, विषय संपतो, असं म्हणायचो. काल माझ्या या कानांनी ऐकलं. येतात गं. आपल्या माणसांसाठी येतात.”

वहिनीच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा तिने असा उजळलेला कधी बघितला नव्हता. त्यावर ‘ती मी होते हो’ हे पाणी कसं ओतायचं? काकांनी डोळे पुसले, जाताना रिकाम्या कोपऱ्याकडे बघून उगीच मान लववली आणि गेले.

काका गेले ते बरं झालं असं तिला वाटलं, आणि नाही पण वाटलं. तिने एका पँटीची चेन उसवायला घेतली आणि दोनदा चुकीचा धागा कापला. मनात आलं, राहू दे की. कोणाचं काय बिघडतंय? काकांना आधार झाला, मिस्त्रीचं नाव राहिलं. पण हा विचार काही फार वेळ टिकायचा नव्हता.

कारण पाठोपाठ शेजारची बेकरीवाली आली. हाताला पीठ तसंच. ही बाई जगातली कुठलीही वाईट बातमी गरम असतानाच पोचवायची.

“वहिनी, बसूनच ऐका,” ती म्हणाली. “सकाळपासून पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतोय. मेलेल्या माणसाला जागा धरून ठेवली, म्हणून हे भोगावं लागलं. त्याला मोकळं सोडलं नाही, म्हणून त्याने घात केला.”

“घात?”

“मी नाही हो म्हणत! लोक म्हणतात. मिस्त्रीभाऊंनी माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाही, पिठाची पोती स्वतः उचलून आत आणून द्यायचे, मी कशाला म्हणेन?” तिने पिठाच्या हातानेच डोळे पुसले आणि गालावर पांढरे पट्टे उमटले. “पण ती खुर्ची काढायची म्हणतायत. पुढच्या मोसमात तिथे दुसरं कोणीतरी बसवायचं. आणि वहिनी, रागावू नका, पण ते सांगायला तुमच्याकडे भावजीच येणार आहेत.”

वहिनीने कात्री खाली ठेवली. तिला आधी राग आला. मग भीती वाटली. आपल्या एका फुंकरीने त्या माणसाचं इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं. जिवंतपणी ज्याने कोणाच्या वाटेत साधा खिळा पडू दिला नाही, त्याला मेल्यावर घातकी ठरवायचं, आणि हे सगळं कोणामुळे, तर घरच्या बाईमुळे. काकांचा चेहरा गेला उडत. आता सांगितलंच पाहिजे होतं.

भावजी आला तो बसच्या गणवेशातच. बाहेर उभा राहून बराच वेळ रस्ता बघत होता, जणू स्टॉपवर कोणी यायचं बाकी आहे. शेवटी बेकरीवालीनेच त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि आपणही थांबली. आवाज ऐकून घड्याळवाले काकाही रस्ता ओलांडून आले. एवढंसं दुकान, त्यात चार माणसं म्हणजे श्वास घ्यायचा तर आळीपाळीने घ्यावा लागणार.

“वहिनी,” भावजी म्हणाला, “ती खुर्ची आता सोडून देऊ.”

“का?”

“तुम्हाला माहितीय का ते.”

“तुमच्या तोंडून ऐकू दे.”

भावजीचा आवाज चढला. “कारण दादाने शेण खाल्लं, म्हणून! सगळा मोसम गप्प बसला ना? मग त्या एका मिनिटाला काय सुचलं त्याला? मी त्या खुर्चीला खेटून बसलो होतो वहिनी. या इथे, या कानाशी वाजली. आयुष्यभर मला सांगत आला, भलत्या वेळी भलतं करू नकोस. आणि स्वतः? जायचं होतं तेव्हा न सांगता गेला, आणि यायचं तर असं आला!” त्याने तोंड फिरवलं. “बसमध्ये लोक माझ्याकडे बघून कुजबुजतात. भावाने बुडवलं म्हणतात. मला नाही सहन होत.”

“भावजी, ती तुमच्या दादाने नाही मारली,” वहिनी म्हणाली. “मी मारली.”

बेकरीवालीने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

“असं नका करू वहिनी,” भावजी मऊ आवाजात म्हणाला. “त्याचा दोष अंगावर घेऊ नका.”

“अहो, अंगावर काय घेऊ नका? मीच मारली! तुम्ही खुर्चीच्या त्या बाजूला होता, मी या बाजूला. मग मधूनच आल्यासारखी वाटणार ना? ही बोटं घातली तोंडात आणि फुंकली. मी मारली, मी हरवलं. ज्याला बोलायचं त्याने मला बोला. त्यांना नाही.”

काका चष्मा पुसत राहिले. वहिनीने त्यांच्याकडे बघणं टाळलं.

“मारून दाखवते,” ती म्हणाली. “मग तरी पटेल?”

तिने बोटं पुसली, तोंडात घातली आणि फुंकली. नुसता वारा निघाला. ती हसली, “थांबा, घाबरले म्हणून.” परत फुंकली. फुस्स. सायकलच्या चाकातून हवा जाते, तेवढंच. तिने जीभ मागे दुमडली, ओठ घट्ट केले, गाल दुखेपर्यंत फुंकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवर लाळ आली, तरी ती थांबेना. बेकरीवाली म्हणाली, पुरे हो, पुरे. पण वहिनी परत परत फुंकत राहिली आणि त्या दुकानात सूं सूं करणाऱ्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

“काल आली होती,” ती शेवटी म्हणाली. “खरंच आली होती हो. आणि मला येते. पहिल्या वर्षी गच्चीवर त्यांनी शिकवली होती तेव्हा अशी वाजली होती की खालच्या मजल्यावरचे खिडकीतून डोकावायला लागले. विचारा भावजींना, ते होते तिथे, टाकीवर बसले होते.”

भावजी बाहेर रस्त्याकडे बघायला लागला. काकांनी पुसायचा चष्मा तसाच हातात धरला.

“सांगा ना,” वहिनी म्हणाली. “वाजली होती की नाही?”

“वाजली होती,” भावजी म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, “पण तुम्ही नव्हती मारली.”

“म्हणजे?”

“तुम्ही दुपारभर फुंकत होता. रडकुंडीला आल्या होतात. दादा तुमच्या मागे उभा होता. तुम्ही शेवटची म्हणून डोळे मिटून फुंकलीत, तेव्हा त्याने आपली बोटं तोंडात घातली आणि मारली. मग लगेच हात मागे घेतले आणि ओरडला, ‘आली की गं! आली!’ तुम्ही इतक्या नाचलात... त्याने माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. शपथ घातली मला. म्हणाला, तिला कधी सांगायचं नाही.”

वहिनी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. बाहेरून एक गिऱ्हाईक आत डोकावलं, चेहरे बघून निघून गेलं. तिला आत्ता इतक्या वर्षांनी तो लबाड माणूस दिसला, मागे उभा, ग्रीस घासून काढलेले लाल हात पाठीशी लपवलेला. काल दुपारी तिने डोळे मिटले होते का? मिटले होते. बोटं तोंडात घालून फुंकताना तिने डोळे घट्ट मिटले होते, आणि शिट्टी वाजली तेव्हा तिला वाटलं होतं, आली. तिला एक क्षण आनंदसुद्धा झाला होता, मॅचबिच सगळं विसरून.

“त्यांनी घात नाही केला,” ती हळूच म्हणाली. “भावजी, त्यांना मॅच दिसतच नव्हती. मला जमत नव्हती, म्हणून त्यांनी मारली.”

भावजीने टोपी काढली आणि तोंडावर धरली. टोपीमागून त्याचे खांदे हलत होते. मघाशी आपण काय काय बोललो ते त्याला आता एकेक करून आठवत असणार. काकांनी उठून त्याला हाताने धरलं, बेकरीवाली भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. खुर्चीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

वहिनीला मात्र एकच गोष्ट विचारायची होती. ती विचारायला तिला धीर गोळा करावा लागला.

“भावजी, तुम्ही शेजारी होता. शिट्टी वाजली तेव्हा तुम्ही खुर्चीकडे बघितलंत का?”

भावजीने मान हलवली. “नाही वहिनी. कानाशी वाजली आणि मी गारठलो. बघायची हिंमतच झाली नाही. समोर चेंडूकडेच बघत राहिलो.” त्याने डोळे पुसले. “तुम्ही?”

“मला वाटलं मीच मारली,” वहिनी म्हणाली. “माझे तर डोळेच मिटलेले होते.”